चुना टाकला, मग मॅग्नेशियम कुठं गेलं?

मागच्या नोव्हेंबरात एकाच आठवड्यात माझ्या फोनवर पानांचे दोन फोटो आले. पहिला यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडून, चुलतभावाचा. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं पान, शिरा हिरव्या आणि मधला भाग जांभळट लाल. दुसरा भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडून, मामाचा. वांग्याचं खालचं पान, शिरा हिरव्याच, पण मधलं अंग पिवळं पडलेलं. चुलतभावानं खाली लिहिलं होतं, "दादा, वावरात चुना टाकू का? राजूरच्या भट्टीचा स्वस्तात भेटून राहिला." मामाची तक्रार उलटी होती. "बाबू, दोन वर्षं झाले चुना टाकून राहिलो, मंग हे काय झालं?"

दोन्ही पानांत मॅग्नेशियम कमी पडलं होतं आणि दोन्ही प्रश्नांत चुना होता. तरी एकाला मी म्हणालो, चुन्याला हात लावू नको. दुसऱ्याला म्हणालो, चुना बरोबर टाकला, पण चुकीचा टाकला. मामा चिडला, आणि त्याचं चिडणं रास्त होतं. फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

आधी पानाकडे बघू. पानाला हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो, हे शाळेत शिकलेलं आपण विसरलेलो असतो. त्याचं दुसरं काम मात्र शाळेतही फारसं कुणी सांगत नाही. पानात तयार झालेली साखर बाहेर काढून मुळांकडे, बोंडाकडे, दाण्याकडे रवाना करायची तर मॅग्नेशियम लागतं. ते कमी पडलं की साखर पानातच साचते. जिनिंगमध्ये रुई तयार होऊन पडली आहे आणि न्यायला गाडीच नाही, अशी गत. साचलेल्या साखरेमुळे पऱ्हाटीच्या पानात लाल-जांभळं रंगद्रव्य तयार व्हायला जोर मिळतो, म्हणून पऱ्हाटी लाल दिसते. वांग्यात नुसतं हिरवेपण जातं आणि पान पिवळं दिसतं. उपासमार तीच, रंग वेगळा.

खूण लक्षात ठेवायची तर एकच. मॅग्नेशियम झाडात हलतं. कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून कोवळ्याला देतं, म्हणून लक्षण आधी खालच्या पानांवर येतं. लोह असं हलत नाही. काटोल-वरुडकडच्या चुनखडीच्या जमिनीतल्या संत्र्याची शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात, ती बहुतेक लोहाची बोंब असते. तिथं मॅग्नेशियमचं पोतं फोडून काही होत नाही.

मातीतली दावण

माती अन्न धरून कशी ठेवते हे समजायला गोठ्यातली दावण डोळ्यापुढे आणा. चिकणमातीच्या बारीक कणांवर आणि कुजलेल्या शेणखतावर ऋण विद्युतभार असतो. ते झाले खुंटे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश, सोडियम, हायड्रोजन, ॲल्युमिनियम हे सगळे धन भाराचे. ती झाली जनावरं. खुंट्याला बांधलेलं जनावर पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जात नाही, पण कायमचं अडकूनही पडत नाही. पिकाचं मूळ आपल्याकडचा हायड्रोजन त्या खुंट्याला देतं आणि मॅग्नेशियम सोडवून नेतं.

खुंटे किती, हे जमिनीवर अवलंबून. आपल्या काळ्या भारी जमिनीत १०० ग्रॅम मातीत ४० ते ६० मिलीइक्विव्हॅलंट इतके खुंटे सहज सापडतात. पूर्व विदर्भातल्या हलक्या लाल-पिवळ्या जमिनीत ते कितीतरी कमी, बऱ्याचदा १० च्या आसपास. मिलीइक्विव्हॅलंट या शब्दाला घाबरू नका, खुंटे मोजायचं ते माप आहे, क्विंटलसारखं.

आणि सगळी जनावरं सारख्याच ताकदीनं खुंट्याला धरून राहत नाहीत. मॅग्नेशियमचा कण अंगाभोवती पाण्याचं जाड पांघरूण घेऊन फिरतो, त्यामुळे तो खुंट्याला कॅल्शियमइतका घट्ट चिकटू शकत नाही. गोठ्यात कॅल्शियमची झुंड घुसली की मॅग्नेशियमचं दावं आधी सुटतं. आजच्या सगळ्या गोष्टीचं मूळ इथं आहे.

साकोलीची माती

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग इथली जमीन काळ्या पाषाणाची नाही. खाली ग्रॅनाइट आणि नाइस जातीचा जुना खडक, आणि वर वर्षाला १३०० मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाऊस. लोक मातीला तिथं वेगळ्या नावांनी ओळखतात: कन्हार, मोरांड, सिहार, बर्डी. कन्हार भारी आणि काळपट, बर्डी उंचावरची हलकी आणि मुरमाड. पावसाचं पाणी हवेतला कर्बवायू विरघळवून मुळातच किंचित आंबट झालेलं असतं. हजारो पावसाळे ते या हलक्या जमिनीतून झिरपलं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन घेऊन गेलं. रिकाम्या खुंट्यांवर हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम येऊन बसले. वर युरियाची भर. युरियाचं नायट्रेट होताना आम्लच तयार होतं. सामू, म्हणजे पीएच (जितका कमी तितकी माती आंबट), ५.५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मोकळा फिरू लागतो आणि मुळांची टोकं आखूड आणि जाड करून टाकतो. वर पानांवर काहीच दिसत नाही. मुळं मात्र वीतभर खोलीवरच थांबतात.

अशा जमिनीत चुना टाकला की काय होतं? चुन्यातला कार्बोनेट हायड्रोजनला संपवतो, पाणी आणि कर्बवायू होऊन जातो. सामू वर चढतो. ॲल्युमिनियमचा गोळा होऊन तो खाली बसतो, निरुपद्रवी होतो. त्यानं अडवलेले खुंटे मोकळे होतात. एवढंच नाही, लाल मातीतल्या लोह-ॲल्युमिनियमच्या कणांवर आणि सेंद्रिय पदार्थावर सामू वाढला की नवे खुंटेही उगवतात. काळ्या मातीचे खुंटे बहुतेक जन्माचे ठोकलेले असतात, लाल मातीचे सामूनुसार कमीजास्त होतात.

मॅग्नेशियमच्या दृष्टीनं इथपर्यंत आनंदी आनंद आहे. ॲल्युमिनियम मुळाच्या दारातच मॅग्नेशियमची वाट अडवून बसलेला असतो, तो हटला. मुळं खोल गेली, जास्त माती चाळू लागली. खुंटे वाढले म्हणून पावसात वाहून जाणंही कमी झालं. म्हणून पुस्तकात वाचाल की आम्ल जमिनीत चुना टाकल्यानं मॅग्नेशियमची उपलब्धता वाढते. ते खोटं नाही.

पण मामानं टाकलेला चुना भट्टीचा होता. विरलेला पांढरा चुना, ५० किलोची गोणी, एकरी आठ गोण्या, दोन वर्षं. हिशेब मांडून बघू. विरलेल्या चुन्यात वजनाच्या ५४ टक्के कॅल्शियम असतं. आठ गोण्या म्हणजे ४०० किलो, त्यात सुमारे २१६ किलो कॅल्शियम. दोन वर्षांचं मिळून ४३२ किलो. एका एकरातल्या वरच्या अर्ध्या फुटातल्या मातीचं वजन साधारण ९ लाख किलो धरतात. भागाकार केला की १०० ग्रॅम मातीत सुमारे २.४ मिलीइक्विव्हॅलंट कॅल्शियम नव्यानं आलं. मामाच्या मातीत मॅग्नेशियम होतं ०.६. म्हणजे गोठ्यात मॅग्नेशियमची जेवढी जनावरं होती त्याच्या चौपट कॅल्शियम बाहेरून आणून घुसवलं, आणि मॅग्नेशियम नव्यानं आणलं शून्य.

पहिल्या वर्षी मामा खूश होता. आता कळतं का ते. खुंट्यावरून सुटलेलं मॅग्नेशियम लगेच कुठं जात नाही, आधी ते मातीच्या पाण्यात येतं, आणि पाण्यात असलेलंच मूळ सर्वांत सहज उचलतं. म्हणून चुन्याच्या पहिल्या हंगामात पीक हिरवंगार दिसतं. तो जमा पुंजीवरचा खर्च असतो. मग पुढच्या पावसाळ्यात साकोलीचा पाऊस ते सुटं मॅग्नेशियम मुळांच्या खाली घेऊन जातो. दुसऱ्या वर्षी वांग्याचं पान पिवळं.

यात आणखी एक खोडा आहे. विरलेला चुना फार तेज असतो. शुद्ध चुनखडीची आम्लता मारायची ताकद १०० धरली तर विरलेल्या चुन्याची १३५, कळीच्या चुन्याची १७९. चुनखडीचं प्रमाण बघून तेवढंच वजन भट्टीच्या चुन्याचं टाकलं की मात्रा आपोआप दीडपटीकडे जाते. पानात चुना जास्त झाला तर काय होतं ते खर्रा खाणाऱ्याला सांगायला नको. अशा हलक्या, ॲल्युमिनियमवाल्या जमिनीत सामू ७ च्या जवळ नेऊन ठेवला की मॅग्नेशियमवर वेगळीच आफत येते. नव्यानं खाली बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या लगद्यात मॅग्नेशियमही अडकत जातं आणि खुंट्यावर मोजता येण्याजोगं उरत नाही. म्हणून अशा जमिनीत सामू ६ ते ६.५ पर्यंत आणून थांबायचं. ७ गाठायची हौस धरायची नाही.

मग डोलोमाइट?

डोलोमाइट हाही चुनखडीचाच भाऊ, पण त्यात कॅल्शियमच्या जोडीला मॅग्नेशियम असतं. शुद्ध डोलोमाइटमध्ये सुमारे २२ टक्के कॅल्शियम आणि १३ टक्के मॅग्नेशियम. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर जिल्ह्यांत त्याचे साठे आहेत, म्हणजे आपल्याला फार लांबून आणायची गरज नाही. आम्लता मारायची त्याची ताकद १०९, चुनखडीपेक्षा थोडी जास्तच. फक्त विरघळतो सावकाश. म्हणून पूड बारीक हवी आणि पेरणीच्या महिना-दोन महिने आधी मातीत मिसळलेली हवी.

एक टन शुद्ध डोलोमाइटमध्ये सुमारे १३० किलो मॅग्नेशियम असतं. कृषी केंद्रातून आपण जे मॅग्नेशियम सल्फेट आणतो त्यात साडेनऊ टक्के असतं, म्हणजे १० किलोच्या पिशवीत एक किलोही नाही. १३० किलो मॅग्नेशियम सल्फेटमधून द्यायचं म्हटलं तर ५० किलोच्या सत्तावीस-अठ्ठावीस गोण्या लागतील. दुसरीकडे, १०० ग्रॅम मातीत १ मिलीइक्विव्हॅलंट हा मॅग्नेशियमच्या कमतरतेचा साधारण उंबरठा मानतात. एकराच्या हिशेबात ते ११० किलोच्या आसपास येतं. म्हणजे एक टन डोलोमाइट हळूहळू का होईना, जमिनीची तिजोरी भरू शकतो. मॅग्नेशियम सल्फेट पिकाच्या खिशात रोजचा खर्च टाकतं.

हे ऐकून मामा लगेच म्हणाला, "मंग डोलोमाइटच टाकतो वांग्यात." नाही. इथंच बहुतेक जण घसरतात. डोलोमाइट हाही चुनाच आहे. मामाच्या वांग्याच्या तुकड्याचा सामू दोन वर्षांत ६.६ वर गेला होता. तिथं आता कोणताही चुना नको. एक तर डोलोमाइट त्या सामूला नीट विरघळणार नाही आणि विरघळला तर सामू आणखी चढवेल. त्या तुकड्याला सध्या मॅग्नेशियम सल्फेट हवं, कारण ते सामूला हात लावत नाही. डोलोमाइट लागतो तो वरच्या बर्डीच्या वावराला, जिथं चुन्याचा एक कणही गेलेला नाही आणि सामू ५.२ आहे. एकाच घरचे दोन तुकडे, मधे एक धुरा, आणि औषध वेगळं.

धानाच्या बांधीबद्दल दोन शब्द वेगळे लिहायला हवेत, कारण पूर्व विदर्भात चुन्याचा निकाल लोक धानावरून लावतात आणि तिथं तो कधीच लागत नाही. बांधीत पाणी साचलं की मातीतली हवा संपते, लोह वेगळ्या रूपात विरघळतं आणि त्या प्रक्रियेत आम्ल खर्ची पडतं. काही आठवड्यांत आम्ल जमिनीचा सामू आपोआप ६.५-७ कडे सरकतो. रोवणीनंतर निसर्गच चुना टाकतो म्हणा ना. वर ते विरघळलेलं लोह खुंट्यांवरचं मॅग्नेशियम सोडवून पाण्यात आणतं. म्हणून धानाला मॅग्नेशियम सहसा कमी पडत नाही आणि चुना टाकलेल्या, न टाकलेल्या बांधीत फरक दिसत नाही. पाणी उतरलं, माती वाळली की सामू पुन्हा खाली. चुन्याची खरी परीक्षा त्यानंतर येणाऱ्या हरभऱ्यात, लाखोळीत, जवसात, नाहीतर मामासारखी वांग्यात होते. हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी उपटून मोजा, धानाच्या लोंब्या मोजू नका.

आता वणीकडची पऱ्हाटी

चुलतभावाचं वावर काळं. त्याच्या मातीत चुना टाकायचा प्रश्नच का येत नाही, हे समजायला साडेसहा कोटी वर्षं मागं जावं लागतं. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्या दगडात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही भरपूर. तो झिजून जी माती झाली तिचे खुंटे मुळातच भरपूर. आणि पश्चिम विदर्भात पाऊस मध्यम, उन्हाळा कडक. जे कॅल्शियम सुटतं ते धुऊन जात नाही, तिथंच कर्बवायूशी जुळून चुनखडीचे पांढरे खडे होऊन बसतं. विहीर खणताना, नांगर खोल गेला की वर येणारे ते कंकर, तो निसर्गानं हजारो वर्षं टाकलेला चुना आहे. त्या वावराचा सामू ८.१. चुनखडी अशा सामूला विरघळतच नाही. चुलतभावानं ट्रकभर टाकली असती तरी ती फक्त पडून राहिली असती. भट्टीचा चुना टाकला असता तर तो आधी सामू चढवून, जस्त आणि लोहाची वाट लावून, स्फुरद अडकवून, मग हवेतला कर्बवायू घेऊन पुन्हा चुनखडीच झाला असता. मराठीत चुना लावणे म्हणतात ते हेच.

मग जमिनीत मॅग्नेशियम असताना पऱ्हाटी लाल का पडली? त्याचं उत्तर चुन्याच्या त्याच तर्कात आहे, फक्त माणसानं टाकलेल्याच्या जागी निसर्गानं टाकलेला चुना धरायचा. मातीच्या पाण्यात कॅल्शियमची गर्दी, त्यात आपण वर्षानुवर्षं दिलेलं पोटॅश. मुळाच्या दारात ही गर्दी असली की मॅग्नेशियमला आत शिरायला उशीर लागतो. शिवाय मॅग्नेशियम मुळापर्यंत मुख्यतः पाण्याच्या प्रवाहाबरोबर येतं. ऑक्टोबरात पाऊस थांबला, उथळ जमीन वाळू लागली की प्रवाहच आटतो. आणि नेमकी तीच वेळ बोंडं भरायची. बीटी वाणांवर बोंडं एकदम लागतात आणि एकदम मागणी करतात. झाड खालच्या पानांतून मॅग्नेशियम आणि नत्र ओढून बोंडांना देतं. रात्री थंड पडू लागल्या की लाल रंग आणखी खुलतो. हे सगळं मिळून लाल्या.

सगळी लाली मॅग्नेशियमची नसते, हेही सांगतो. पान उलटून बघा. तुडतुडे असतील तर पानाच्या कडा खाली वळतात आणि लाली कडेकडून आत येते. ते कीटकाचं काम आहे, मॅग्नेशियम मारून तुडतुडा मरत नाही. नुसतं नत्र कमी असेल तर शिराही हिरव्या राहत नाहीत, अख्खं पान फिकट पडून लालसर होतं. चुलतभावाच्या फोटोत शिरा ठसठशीत हिरव्या होत्या, म्हणून मी मॅग्नेशियमवर बोट ठेवलं.

इलाज फवारणीचा. १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे एक टक्का. १५ लिटरच्या पंपाला दीडशे ग्रॅम. दहा-पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन-तीन वेळा. जमिनीतली गर्दी पानाच्या वाटेनं टाळली, एवढाच त्याचा अर्थ. त्याच पंपात डीएपी मिसळू नका. दोन्ही एकत्र आले की मॅग्नेशियम आणि स्फुरदाचा साका बसतो, नोझल तुंबतं आणि पैसा तळाशी जातो. लाल झालेलं पान परत हिरवं होणार नाही, पुढची पानं वाचतात.

आता एक विचित्र गोष्ट. याच विदर्भात एक पट्टा असा आहे जिथं मॅग्नेशियम जास्त झालं म्हणून जमीन बिघडते. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतलं पूर्णेचं खोरं, आपला खारपाणपट्टा. तिथं खालच्या थरात कॅल्शियम चुनखडी होऊन बाहेर पडत गेलं आणि खुंट्यांवर सोडियम आणि मॅग्नेशियमचा हिस्सा वाढत गेला. कोरड्या हवेत चुनखडी जमत जाणं आणि जमीन सोडियमवाली होणं या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, यावर नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोमधल्या शास्त्रज्ञांनी मोठं काम केलं आहे. अशा मातीत कण सुटे होतात, पाणी मुरत नाही, वाळली की दगड. तिथं चुनाही नको आणि डोलोमाइट तर नकोच नको. तिथं जिप्सम, कारण जिप्सममधलं कॅल्शियम सामू न वाढवता विरघळतं आणि सोडियम-मॅग्नेशियमला खुंट्यावरून हाकलतं. हेच जिप्सम मामाच्या हलक्या बर्डीत नुसतं टाकलं तर असलेलं थोडं मॅग्नेशियम सल्फेट होऊन वाहून जाईल. पोतं तेच, करामत उलटी.

कागदावर मॅग्नेशियम नसतं

मामाकडे मृदा आरोग्य पत्रिका होती. त्यानं तिचाही फोटो पाठवला आणि विचारलं, यात मॅग्नेशियम कुठं आहे? नव्हतं. २०१५ साली सुरू झालेल्या या पत्रिकेत १२ गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. मंगल म्हणजे मँगनीज, त्याला मॅग्नेशियम समजून खूश होणारे मी पाहिले आहेत. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या बारात नाहीत. ते हवे असतील तर कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वेगळे सांगून, वेगळे पैसे भरून तपासून घ्यावे लागतात. विनिमयक्षम (म्हणजे खुंट्यांवरचं) कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असं स्पष्ट लिहून द्या. आम्ल जमीन असेल तर चुन्याची गरज किती हेही बफर पद्धतीनं काढून मागा. नुसत्या सामूवरून चुन्याची मात्रा ठरत नाही. ५.२ सामूच्या कन्हारला बर्डीपेक्षा कितीतरी जास्त चुना लागतो, कारण कन्हारमध्ये आम्ल धरून बसलेले खुंटेच जास्त.

अहवाल आला की लोक गुणोत्तराच्या मागं लागतात. ६५ टक्के खुंट्यांवर कॅल्शियम, १० टक्क्यांवर मॅग्नेशियम, ५ टक्क्यांवर पोटॅश, असा आदर्श आकडा मोबाइलवर खूप फिरतो. तो अमेरिकेत न्यू जर्सीत फर्मन बेअर यांच्या १९४० च्या दशकातल्या कामातून आला आहे. पुढच्या प्रयोगांत असं दिसलं की गुणोत्तर बरंच इकडंतिकडं झालं तरी पीक चांगलं येतं, फक्त प्रत्येक अन्नद्रव्य पुरेसं हवं. मी तरी त्या आकड्यासाठी एक रुपया खर्च करणार नाही. आधी मॅग्नेशियमनं १ चा उंबरठा ओलांडला आहे का ते बघा. गुणोत्तर फार टोकाचं, म्हणजे कॅल्शियम मॅग्नेशियमच्या वीस-पंचवीस पट असेल, तरच काळजी.

घरच्या घरी करण्यासारखी एक तपासणी आहे. संडास साफ करायचं पातळ ॲसिड मातीच्या वाळलेल्या ढेकळावर दोन थेंब टाकायचं, हातमोजे घालून आणि तोंड लांब ठेवून. फसफसलं तर जमिनीत चुनखडी मोकळी आहे, चुन्याचा विचार सोडून द्या. हेच ॲसिड दगडावर टाकून डोलोमाइटही ओळखता येतो. चुनखडीचा खडा थंड ॲसिडमध्ये जोरात उकळल्यासारखा फसफसतो. डोलोमाइटचा अखंड खडा जेमतेम बुडबुडे सोडतो, त्याची पूड केली तरच जोर धरतो. पुडीवर हा खेळ चालत नाही, दोन्ही फसफसतात. खडा हवा.

चुलतभावानं दोन फवारण्या घेतल्या, वरची पानं हिरवी राहिली. खालची गेली ती गेली. बोंडं किती भरली असती आणि किती भरली याचा हिशेब कोण लावणार, पण चुन्याचे पैसे वाचले हे त्यानं स्वतः कबूल केलं.

मे महिन्यात मामाचा पुन्हा फोन आला. बर्डीच्या वावरासाठी डोलोमाइटची गाडी मागवली होती, दारात उभी होती. पोतं फोडलं तर पुडीत बोराएवढे दोन पांढरे खडे सापडले. मामानं ते बाजूला काढून धुतले, ॲसिड टाकलं आणि मला व्हिडिओ कॉल लावला. खडा बशीत असा उसळत होता की मामाचा आवाजही नीट ऐकू येत नव्हता.

"बाबू, लयच फसफसून राहिलं हे."

"मामा, तो चुनखडीचा आहे."

"गाडी वापस पाठवू?"

"पाठव."

मागं ड्रायव्हर विचारत होता की भाडं कोण देणार.